एकच ब्रेडेड तिन्ही रिळांवर नको

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते शिक्षक आहेत, सुट्टीच्या दिवशी तापीवर किंवा जवळच्या धरणावर गळ टाकायला जातात. पत्र बरंच मोठं आहे, कामापुरता भाग देतो.

«दादा, लहानपणी वडिलांसोबत बाटलीवर गुंडाळलेल्या तंगूसने (नायलॉनच्या धाग्याने) मासे धरले. आता माझ्याकडे तीन रिळं आहेत. एक ४००० नंबरचं स्पिनिंग, एक बेटकास्टर (पुण्याच्या मेव्हण्याने दिलेलं) आणि मुलीसाठी घेतलेलं बंद तोंडाचं, बटण दाबून फेकायचं रीळ. दुकानदार म्हणाला, ब्रेडेड (बारीक पदरांची विणलेली) लाईन घ्या, एकदा घेतली की बघायला नको. म्हणून ३०० मीटरचा डबा घेतला. डब्यावर २० पौंड, ०.२० मिमी, चार पदरी असं लिहिलंय. तिन्ही रिळांवर शंभर शंभर मीटर भरली. आता स्पिनिंगवरून फेक लांब जात नाही. मागच्या रविवारी धरणाच्या पिचिंगवरून (काठाच्या दगडी अस्तरावरून) मोठा मासा लागला. ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक) पूर्ण आवळलेला होता, तरी तो लाईन ओढत नेत होता आणि ड्रॅगचा आवाजसुद्धा नव्हता. शेवटी दगडापाशी तुटली. बेटकास्टरवर दर तिसऱ्या फेकीला घरट्यासारखा गुंता होतो, दोन ल्युअर (खोटी आमिषं) तुटून पाण्यात गेले. मुलीचं रीळ तर अडकूनच बसलंय. वडील म्हणतात, आपला तंगूसच बरा. खरंच ब्रेडेड वाईट असते का? की माझी लाईन नकली आहे? आणि वडिलांच्या बाटलीवर ब्रेडेड गुंडाळून दिली तर त्यांना बरं पडेल का?»

भाऊ, नमस्कार.

तुमची लाईन नकली असेल असं मला वाटत नाही. नकली लाईन गाठीपाशी तुटते, नाहीतर पहिल्याच हिसक्याला जाते. तुमची तुटली ती दगडावर, आणि दगडावर चांगली ब्रेडेडही तुटतेच. दुकानदाराने ताकदीबद्दल खोटं सांगितलं नाही. एवढंच झालं की तुमच्या चार तक्रारींपैकी एकीचाही ताकदीशी संबंध नाही. लाईन निवडताना दोन प्रश्न आधी विचारायचे: ती रिळातून सुटते कशी, आणि पाण्यात घासते कशाला? पौंडाचा आकडा त्यानंतर.

ब्रेडेडचा धागा कशाचा असतो ते आधी सांगतो, म्हणजे निम्मं कोडं इथेच सुटेल. तो पॉलिएथिलीनचा असतो. आपल्या केळीत आणि कपाशीत ठिबकची जी काळी नळी पसरलेली असते, तिचं प्लास्टिक याच घराण्यातलं. फरक इतकाच की धाग्यासाठी रेणूंच्या फार लांब साखळ्या एका दिशेने ताणून बसवलेल्या असतात, म्हणून केसाएवढा धागा नऊ किलो तोलतो. पण घराण्याचे गुण जात नाहीत. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ब्रेडेड तरंगते. ते गुळगुळीत, म्हणून गाठ सरकते आणि धातूच्या स्पूलवर, म्हणजे रिळातल्या लाईन गुंडाळायच्या चकरीवर, लाईन घसरते. ते साधारण १४५ अंशाला वितळतं, म्हणून घर्षणाचा ताप त्याला सोसत नाही. आणि ते जवळजवळ ताणलंच जात नाही. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा, ज्याला आपण मोनो म्हणतो. तो तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्के तरी लांबतो. ब्रेडेड तीन-चार टक्क्यांवर थांबते.

आता तुमचं स्पिनिंग.

घरी बसल्या बसल्या एक गोष्ट करून बघा. ड्रॅग पूर्ण आवळा. मार्कर पेनाने स्पूलच्या कडेवर एक ठिपका आणि गुंडाळलेल्या लाईनवर, त्या ठिपक्याच्या समोर, दुसरा ठिपका काढा. हाताला जाड फडकं गुंडाळून लाईन जोरात ओढा. कडेवरचा ठिपका जागेवर राहिला आणि लाईनवरचा सरकला, तर तुमची सगळी लाईन एका गठ्ठ्यासारखी स्पूलच्या पोटावर फिरतेय असं समजा. माझी खात्री आहे, तसंच दिसेल. त्या रविवारी ड्रॅग गप्प होता तो याचमुळे. ड्रॅगला काम करायची वेळच आली नाही, मासा ड्रॅगच्या आधीच लाईन घेऊन जात होता. रीळ बिघडलेलं नाही, ते दुरुस्तीला नेऊ नका.

यावर उपाय म्हणजे ब्रेडेडच्या खाली मोनो भरायचा. नायलॉन थोडा ताणून गुंडाळला की स्पूलला आवळून धरतो, आणि ब्रेडेडला बसायला पकड मिळते. काही जण नुसती चिकटपट्टी लावतात, तीही चालते. पण तुमच्या बाबतीत मोनोच हवा, कारण दुसरी तक्रार, फेक लांब न जाण्याची, त्यानेच सुटणार आहे.

त्याचा हिशोब बघा. तुम्ही गणित शिकवता की नाही माहीत नाही, पण हे वर्गातही सांगता येईल. लाईनने स्पूलवर व्यापलेली जागा तिच्या लांबीच्या आणि जाडीच्या वर्गाच्या पटीत असते. तुमच्या स्पूलवर ०.३० मिमीची २०० मीटर मावते असं लिहिलेलं असेल असं धरू, त्या मापाच्या रिळांवर साधारण तेवढंच असतं. म्हणजे २०० गुणिले ०.०९, एकूण जागा १८. तुम्ही भरली ०.२० मिमीची १०० मीटर, म्हणजे १०० गुणिले ०.०४, जागा ४. अठरातले चार! पाव स्पूलसुद्धा भरला नाही. स्पिनिंगचा स्पूल फेकताना फिरत नाही. लाईन वेटोळ्यावेटोळ्यांनी त्याच्या कडेवरून उड्या मारत बाहेर पडते. लाईन कडेपासून बोटभर खाली असेल तर प्रत्येक वेटोळं कडेला घासून जातं, आणि फेक मध्येच मरते. तुमच्या हातात दोष नाही.

उरली जागा १४. तिला ०.०९ ने भागा, दीडशे मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे खाली ०.३० चा मोनो दीडशे मीटर आणि वर तुमची शंभर मीटर ब्रेडेड. कडेपासून दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडायची, जास्त भरली तर सैल वेटोळी एकदम सुटतात. तुमच्या स्पूलवर आकडा वेगळा असेल तर हाच हिशोब त्या आकड्याने करा. आकडा पुसला गेला असेल तर उलटी पद्धत आहे: आधी ब्रेडेड गुंडाळा, तिला मोनो जोडा आणि कडेपर्यंत भरा. मग पाटाच्या कडेच्या सरळ रस्त्यावर मोनोचं टोक एखाद्या निंबाला बांधून चालत जा, सगळी लाईन उलगडा, ब्रेडेडचं टोक तिथेच दगडाखाली ठेवा. परत निंबापाशी या आणि मोनोच्या टोकापासून गुंडाळायला घ्या. अडीचशे मीटर होतील, सकाळी लवकर जा. मुलीला ओलं फडकं द्या आणि लाईन त्या फडक्यातून धरायला सांगा. दोन कामं होतात, धूळ पुसली जाते आणि लाईन ताणून बसते. सैल गुंडाळलेली ब्रेडेड पुढे रडवते, म्हणून फडक्याचा ताण सोडू देऊ नका.

मोनो आणि ब्रेडेड जोडायला डबल युनी गाठ शिका. दोन्ही टोकं समोरासमोर समांतर ठेवायची, प्रत्येक टोकाने दुसऱ्या लाईनवर फास टाकायचा, मोनोला चार-पाच वेढे, ब्रेडेडला आठ. ओढण्याआधी गाठ पाण्याने नाहीतर थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळली की तिथे ताप होतो आणि डोळ्यांना न दिसणारी इजा लाईनला होते. आवळताना घाई नको. दोन्ही फास हळूहळू सरकत एकमेकांना भिडले की नखाने दाबून बघा, मग टोकं कापा. ब्रेडेडचं टोक दातांनी कधीच कापू नका, चांगली कात्री जवळ ठेवा. तिथे अर्धा सेंटीमीटर शेपूट राहू द्या, ते थोडं सरकतंच.

आणि एक सवय आजपासून. फेक पडली की बेल (स्पूलवरची तारेची कमान) हाताने बंद करायचा आणि लाईन एकदा बोटाने ताणून घ्यायची, मगच हँडल फिरवायचं. ब्रेडेडला स्वतःचा आकार नसतो, एक सैल फेरा स्पूलवर बसला की पुढच्या फेकीला त्याचीच गाठ होते. तीस-चाळीस मीटर लाईन त्या एका गाठीपायी कापून टाकणारे कितीतरी जण मी पाहिलेत.

इतकं केलंत की तुमच्या तिन्ही रिळांत ब्रेडेडसाठी सगळ्यात योग्य हेच ठरेल. मोनो स्पूलवर महिनाभर बसला की स्प्रिंगसारखी वळणं धरतो, आणि स्पिनिंगवर ती वळणं फार छळतात. ब्रेडेडला ती आठवण नसते. बारीक असल्याने ती वाऱ्यातही कमी फुगते. दुपारी तापीच्या पात्रात जो वारा सुटतो त्यात याचा फरक कळतो.

मग दगडाचं काय? मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटली. धरणाचं पिचिंग म्हणजे काळ्या बेसॉल्टचे फोडलेले दगड, त्यांच्या कडा अजून मोडलेल्या नसतात. मासा लागला की तो खोल पाण्याकडे जातो, लाईन पाण्याखालच्या दगडाच्या कडेवर ताणून बसते, आणि ब्रेडेडचे बारीक पदर एकामागून एक तुटत जातात. विसाची पन्नास पौंड केलीत तरी ताणलेली ब्रेडेड अशा धारेवर फार टिकत नाही. जाड मोनो खरवडला जातो, पण निभावून नेतो. म्हणून ब्रेडेडच्या पुढे ०.४० ते ०.४५ मिमीच्या मोनोचा लीडर, म्हणजे गळाआधीचा शेवटचा तुकडा, बांधा. लांबी किती? पुस्तकात दीड मीटर लिहितात, मी पिचिंगवर तीन-चार मीटर ठेवतो. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं तेव्हा जाऊन बघा, दगड किती खाली उतरतात ते. जिथे घासण्याची शक्यता तिथपर्यंत मोनोच हवा. नदीत, वाळूच्या किंवा गाळाच्या काठावर एक-दीड मीटर पुरे.

ड्रॅग पूर्ण आवळण्याची सवयही सोडा. भाजी तोलायचा अडकवायचा काटा घ्या, लाईनचं टोक त्याला बांधा, रॉड वाकवून ओढा. दोन किलोच्या आसपास ड्रॅग सुटायला हवा. लाईन नऊ किलोची असली तरी गाठ, लीडर, गळ आणि माशाचा ओठ हे सगळं नऊ किलोचं नसतं.

ओठावरून आठवलं. तुम्ही ढेप आणि कणकेच्या गोळ्यांवर रोहू, मृगळ, सायप्रिनस धरत असाल तर माझं मत असं की तिथे वडील बरोबर आहेत. ह्या माशांचे ओठ मऊ असतात. काठाजवळ आल्यावर रोहू जो शेवटचा झटका देतो तो मोनो रबरासारखा पोटात घेतो. ब्रेडेड तो झटका जसाच्या तसा गळावर देते, आणि ओठ फाटून मासा सुटतो, फाटक्या तोंडाने परत पाण्यात जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं. धरायचा तर नीट धरावा. म्हणून शक्य असेल तर स्पिनिंगला एक जास्तीचा स्पूल घ्या, त्यावर नुसता ०.३३ ते ०.३५ चा मोनो भरा. तळाला बसवून माशाची वाट बघायची असेल त्या दिवशी तो लावा. ल्युअर फेकत चालायचं असेल त्या दिवशी ब्रेडेडचा. स्पूल बदलायला अर्धा मिनिट लागतो.

चांगदेवला, जिथे पूर्णा तापीला मिळते आणि हतनूर धरणाचं बॅकवॉटर पसरतं, तिथे एक म्हातारे भोई काका मला बरीच वर्षं भेटायचे. त्यांच्याकडे रीळ नव्हतंच. पण दर वेळी गळ टाकण्याआधी ते तंगूसचा शेवटचा हातभर भाग अंगठ्याच्या नखावरून हळू ओढत. कुठे खरखर लागली की तेवढा तुकडा कापत आणि गळ नव्याने बांधत. मी घाई केली की म्हणायचे, «आधी नख लाईसन दख, मंग टाक.» ही गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली आणि आजपर्यंत सोडलेली नाही. पिचिंगवर तर प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकण्यानंतर लीडरला नख लावून बघा. ब्रेडेडला नखाने कळत नाही, तिच्यावर केस उभे राहिल्यासारखे बारीक तंतू दिसतात. ते दिसले की तेवढे दोन मीटर कापायचे, हात आखडायचा नाही.

आता बेटकास्टर. तिथे सगळं उलटं असतं. फेकताना स्पूल स्वतः फिरतो, आणि ल्युअर जितक्या वेगाने लाईन मागतो त्यापेक्षा स्पूल वेगात फिरला की लाईन आतच फुगून घरटं बनतं. तुमच्या गुंत्याचं हे एक कारण. दुसरं जास्त फसवं आहे. ०.२० ची ब्रेडेड इतकी बारीक असते की ल्युअर कुठे अडकला आणि तुम्ही जोरात ओढला, तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांच्या मध्ये रुतून बसतो. पुढच्या फेकीला लाईन सुसाट निघते, त्या रुतलेल्या जागी येते आणि एकदम थांबते. ल्युअर मात्र पुढे जातो. तुमचे दोन ल्युअर याच प्रकारे गेले असणार. ते पाण्यात पडल्याचा आवाज लांब आला असेल आणि लाईन हलकी लागली असेल, आठवून बघा.

म्हणून बेटकास्टरवरची ही लाईन काढा. पहिले तीन-चार महिने त्यावर ०.३३ चा मोनो भरून शिका. गुंता झाला तरी मोनोचे फेरे बोटाने उचलता येतात, ब्रेडेडचे येत नाहीत. बाजूची छोटी घुंडी अशी लावा की बटण दाबल्यावर ल्युअर हळूहळू खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा. अंगठा स्पूलवर हलका टेकलेला हवा आणि ल्युअर पाण्याला लागायच्या क्षणी दाबायला हवा. अंगणात, गळ काढलेल्या वजनाने पन्नास वेळा फेकून बघा, मगच पाण्यावर जा. शाळेचं मैदान आहेच तुमच्याकडे.

अंगठा तयार झाला की त्या रिळावर ब्रेडेड पुन्हा आणा, पण ४० ते ५० पौंडाची, जाड, मोनोचं अस्तर खाली घालून. कारण मरळ! जलपर्णीच्या आणि शेवाळाच्या जाळीत रबरी बेडकावर मरळ धरायची असेल तर मला ब्रेडेडशिवाय दुसरं काही सुचवताच येत नाही. ती तरंगते, म्हणून बेडूक वरच राहतो. मरळ पानांच्या खालून उसळून बेडूक घेते, ताबडतोब मुळांत घुसते, आणि तिच्या कडक जबड्यात गळ बसवायला ताण न खाणारी लाईनच लागते. पानांचे देठ ब्रेडेड कापत येते. तिथे दगड नसतात, म्हणून लीडरही लागत नाही, गळ सरळ ब्रेडेडला पालोमर गाठीने बांधा. एकच विनंती, पावसाळ्यात तांबडी-काळी पिल्लं थव्याने वर येताना दिसली की तिथे बेडूक टाकू नका. पिल्लांखाली आईबाप राखण करत असतात आणि ते चिडून कशावरही झडप घालतात. ते नेले की तो थवा संपला.

मुलीच्या रिळाबद्दल थोडक्यात. ती बंद तोंडाची रिळं मोनोसाठीच बनवलेली असतात. झाकणाच्या आत एक छोटी पिन लाईन पकडून गुंडाळते. बारीक, मऊ ब्रेडेड त्या पिनवरून निसटते, स्पूलच्या मागे शिरते, दांड्याभोवती गुंडाळली जाते. झाकण फिरवून काढा, दांड्याभोवतीचे वेढे चिमट्याने सोडवा, सगळी लाईन बाहेर काढा. ०.२५ किंवा ०.२८ चा मऊ मोनो भरा, अगदी काठोकाठ नको. चिलापीसाठी तो भरपूर झाला. तिच्या गळाचं मागचं उलटं टोक पक्कडीने दाबून टाका, म्हणजे कपड्यात किंवा बोटात रुतला तर अलगद निघेल. तिला नखाची परीक्षा शिकवा, मुलांना ती फार आवडते.

आणि वडिलांची बाटली. भाऊ, तिथे ब्रेडेड कृपा करून देऊ नका. तुमच्या सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती याच एका वाक्याने. बाटलीवरच्या गळात रॉड नाही, ड्रॅग नाही, ड्रॅगचं काम बोटं करतात. ०.५० चा तंगूस बोटांतून सरकतो, फार तर भाजतो. ब्रेडेड पतंगाच्या मांज्यासारखी कापते. माझी लाईन एकदा बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकली. मी तिचे दोन वेढे तळहाताला घेतले आणि ओढली. करंगळीच्या मुळाशी जखम हाडापर्यंत गेली, आज बारा वर्षांनीही थंडीत ती बोटं पूर्ण मिटत नाहीत. अडकलेली ब्रेडेड सोडवायची तर लाकडाच्या दांडक्याला पाच-सहा वेढे द्यायचे, रॉड बाजूला ठेवायचा, आणि दांडका दोन्ही हातांनी धरून सरळ मागे चालायचं. वडिलांना द्यायचंच असेल तर नवा, जाड, मऊ तंगूस द्या आणि बाटलीवरचा जुना काढून टाका. जुना म्हणजे किती जुना, हे त्यांना विचारा.

हे विचारायचं कारण म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. नायलॉनला ऊन मानवत नाही, उन्हातली अतिनील किरणं त्याला आतून ठिसूळ करतात, वरून तो तसाच चकचकीत दिसतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारसायकलच्या डिकीत, गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला तंगूस पुढच्या पावसाळ्यात भरवशाचा राहत नाही. मोनो दरवर्षी बदला, पोळ्याच्या सुमारास बदलायचा असं ठरवून टाका म्हणजे विसरत नाही. ब्रेडेड तीन-चार वर्षं जाते. तिचा रंग उडतो, त्याने घाबरू नका. दोन वर्षांनी ती उलटी करून गुंडाळा, स्पूलच्या आतली न वापरलेली बाजू वर येते.

फ्लोरोकार्बनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानदार पुढच्या वेळी तेच दाखवेल. १९७१ मध्ये जपानमध्ये ही लाईन निघाली. ती पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट जड, म्हणून चटकन बुडते. प्रकाश तिच्यातून पाण्यासारखाच वळतो, निदान नायलॉनपेक्षा बराच जवळ, म्हणून ती कमी दिसते. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा सावध माशांसाठी मीटर-दीड मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर लावला तर फायदा होतो. पावसाळ्यात तापी चहासारखी वाहत असते, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. पूर्ण स्पूल त्याने भरू नका, ती ताठ असते आणि स्पिनिंगवरून उसळते.

कापलेले तुकडे काठावर टाकू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार. हतनूरच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात दूरदूरचे पाणपक्षी उतरतात. मी तिथे एक शेकाट्या पाहिला होता, त्याच्या लांब गुलाबी पायांना ब्रेडेडचा गुंता बसलेला, एक पाय काळा पडलेला. ब्रेडेड कुजत नाही आणि पक्ष्याच्या चोचीने तुटत नाही. तुमच्या बेटकास्टरवरचा तो सगळा गुंता खिशात घालून घरी आणा, कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा आणि कचऱ्यात टाका. तुम्ही शंभर शंभर मीटर कापून वाटलीच आहे, तेव्हा मुलीच्या आणि बेटकास्टरच्या रिळावरच्या लाईनमधला चांगला भाग स्पिनिंगसाठी राखून ठेवा, रिकाम्या दोऱ्याच्या रिळावर गुंडाळून, अंधारात.

धरणावर मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तर त्यांना विचारून बसत चला, आणि पावसाळ्यात विसर्गाचा भोंगा ऐकू आला की लाईन गुंडाळत बसू नका, कापा आणि वर या. हतनूरच्या ४१ दरवाजांतले थोडे उघडले तरी खालच्या पात्रात पाणी झरझर चढतं.

आधी ती ठिपक्याची परीक्षा करा. ठिपका सरकला की नाही ते, आणि तुमच्या स्पूलवर काय आकडा लिहिलाय ते मला कळवा. आकडा वेगळा निघाला तर मोनो किती मीटर लागेल तो हिशोब मी करून पाठवतो.